हा कॅन्सर म्हातारपणाची वाट बघत नाही: अंडकोषातल्या गाठीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका बावीस वर्षांच्या मुलाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, अंडकोषातली गाठ त्याने आठ महिने घरात कुणालाच सांगितली नव्हती, आणि त्यावर जेवढी पत्रं आणि मेसेज आले तेवढे या सदराला आजवर कधी आले नाहीत. निम्म्याहून जास्त जणांनी नाव छापू नका म्हणून कळवलंय, त्यामुळे कुणाचंच छापत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि शब्दांचं म्हणाल तर पुस्तकात वृषण म्हणतात, घरात गोटी किंवा गोळी म्हणतात, मी घरातलेच शब्द वापरणार आहे, कारण ओपीडीत पेशंट माझ्याशी त्याच शब्दांत बोलतात, म्हणजे बोललेच तर.

प्रश्न: वय २७, नाशिक. आंघोळ करताना उजव्या गोटीवर काहीतरी कडक लागतं, दोन-अडीच महिने झाले. अजिबात दुखत नाही. नेटवर वाचलं की हा कॅन्सर गोऱ्या लोकांना होतो, भारतात लाखात एकालाही होत नाही. मग अजून थोडे महिने थांबून बघू का? स्थळं बघणं चालू आहे, घरी बोलता येत नाहीये.

थांबू नका. या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही वाचलेला आकडा खरा आहे. भारतात वर्षाला दर लाख पुरुषांमागे एकापेक्षाही कमी जणांना हा कॅन्सर होतो, नॉर्वे-डेन्मार्कमध्ये हेच प्रमाण दहाच्या आसपास आहे. पण हा आकडा सगळ्या पुरुषांचा आहे, ज्यातल्या बहुतेकांना कसलाही त्रास नाही. तुम्ही आता त्या लाखात नाही आहात, तुम्ही गोटीवर कडक गाठ हाताला लागतेय अशा थोडक्या लोकांच्या रांगेत आहात, आणि त्या रांगेतला माणूस नाशिकचा आहे की नॉर्वेचा यानं फारसा फरक पडत नाही. गाठ हाताला लागेपर्यंतच देशाचा आकडा कामाचा, त्यानंतर काम सोनोग्राफीचं.

आणि दुखत नाही म्हणून बरं वाटून घेऊ नका. जंतुसंसर्ग झाला असता तर बहुतेक वेळा ताप आला असता, हात लावू दिला नसतात, लालसर सूज आली असती. कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही, फार तर जडपणा वाटतो, खाली ओढल्यासारखं होतं. (मध्येच एक सांगून ठेवतो, एखाद्या मुलाला अचानक, काही मिनिटांत असह्य कळ सुरू झाली, उलटी झाली, एक गोटी वर सरकल्यासारखी वाटली, तर ती गाठ नसते, गोटीला पीळ पडलेला असू शकतो, तिथे सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असेल तरी हॉस्पिटल गाठायचं, कारण हातात जेमतेम सहा तास असतात.)

आता वयाचं बघा. बाकीचे बहुतेक कॅन्सर वयाबरोबर वाढत जातात, साठी-सत्तरीत जास्त. याचा आलेख वेगळाच आहे. पंधराव्या वर्षाच्या आसपास चढायला लागतो, पंचवीस ते पस्तीसमध्ये सगळ्यात उंच असतो आणि मग उतरतो. अमेरिकेत निदानाचं सरासरी वय ३३ आहे. जगात पुरुषांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा साधारण एकच टक्का, पण १५ ते ३५ या वयाच्या पुरुषांचेच कॅन्सर मोजले तर कितीतरी देशांत हाच पहिल्या नंबरवर आहे. त्यातही दोन प्रकार पडतात, सेमिनोमा आणि नॉनसेमिनोमा. नॉनसेमिनोमा विशीत जास्त दिसतो आणि भराभर वाढतो, सेमिनोमा त्याच्या दहाएक वर्षं मागे, तिशी-चाळिशीत, जरा संथ. तुम्ही २७ चे, म्हणजे दोन्हीच्या मधोमध.

मागच्या अंकातल्या मुलाची गोष्ट तेव्हा जागेअभावी अर्धीच सांगितली होती. तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता आणि आमच्याकडे आला तो कंबरदुखी घेऊन. आधी तीन ठिकाणी दाखवून झालं होतं, इंजेक्शनं झाली, पट्टा झाला, एकानं गादी बदलायला सांगितली. पँट खाली कर, असं कुणीच म्हणालं नव्हतं आणि तोही आपणहून बोलला नव्हता. मी पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या वरच्या बाजूला मुठीएवढा गोळा हाताला लागला, मग मी खाली तपासायचं म्हटल्यावर तो भिंतीकडे बघायला लागला आणि हळूच म्हणाला, "सर, ते मोठं झालंय, पण मला वाटलं त्याचा संबंध नसेल." डावी गोटी लिंबाएवढी होती, दगडासारखी. काउंटरवर कशासाठी आलात विचारल्यावर त्यानं पाठ सांगितलं होतं, कारण मागे रांगेत दोन बायका उभ्या होत्या.

आता खालच्या गाठीचा कमरेशी काय संबंध, तर असा: आईच्या पोटात असताना गोट्या मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जन्माच्या आधी तिथून खाली उतरतात, उतरताना रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या (शरीरातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) सोबत घेऊन येतात. त्यामुळे गाठ पसरते ती जांघेत नाही, थेट वर, पाठीच्या कण्यासमोरच्या लसीकागाठींमध्ये, आणि मग कंबर दुखते. तिथून पुढे फुफ्फुसात. विशीतल्या मुलाची कंबर औषधांनी महिना-दीड महिन्यात थांबली नाही तर खाली तपासलंच पाहिजे, हे मी माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना दर बॅचला सांगतो.

तर करायचं काय. अंडकोषाची सोनोग्राफी, पंधरा-वीस मिनिटांचं काम, जेल लावून वरून प्रोब फिरवतात, दुखत नाही. त्यात गाठ गोटीच्या आत आहे की बाहेर हे कळतं, आणि सगळं इथेच ठरतं. बाहेर असेल तर बहुधा साधी पाण्याची गाठ, हायड्रोसील (गोटीभोवती साठलेलं पाणी) किंवा फुगलेल्या शिरा निघतात आणि पेशंट हसत घरी जातो, असे बरेच जातात. आत असेल आणि घट्ट असेल तर रक्ताच्या तीन तपासण्या, एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. यातला एचसीजी म्हणजे तोच जो गरोदरपणाच्या तपासणीत बघतात, या कॅन्सरच्या काही प्रकारांत पुरुषाच्या रक्तातही तो सापडतो. मग ऑपरेशन, जांघेत छेद देऊन अख्खी गोटी काढायची. सुई घालून तुकडा काढून बघू असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा, अंडकोषाच्या पिशवीवर छेद द्यायलाही नाही म्हणा, कारण त्यानं पेशी नसत्या वाटेनं पसरू शकतात, आणि लगेच एखाद्या कॅन्सर सर्जनचं किंवा युरॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्या. कुणी इन्फेक्शन समजून गोळ्या दिल्या असतील तर घ्या, पण दोन आठवड्यांत गाठ गेली नाही तर सोनोग्राफी करायचीच.

घरी बोलता येत नाही म्हणालात. सोनोग्राफीसाठी घरी बोलावं लागत नाही, एक मित्र सोबत न्या. रिपोर्ट साफ आला तर विषय संपला. नाही आला तर मला परत लिहा, घरी कसं सांगायचं ते आपण ठरवू.

प्रश्न: मी सांगलीहून लिहितेय. मुलगा २४ वर्षांचा, टेक्सासला एमएस करतोय. तिथं तपासणीच्या फॉर्मवर रेस विचारली, त्यानं एशियन लिहिलं, तर नर्स म्हणाली तुमच्यात अंडकोषाच्या कॅन्सरचा धोका कमी असतो. रंगाचा आणि कॅन्सरचा काय संबंध? आणि तो तिकडेच राहिला तर धोका वाढेल का?

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण डॉक्टर मंडळीही या आकड्यांचा अर्थ नीट लावत नाहीत.

आधी आकडे. अमेरिकेत वर्षाला दर लाख पुरुषांमागे सरासरी सहा जणांना हा कॅन्सर होतो. गोऱ्यांमध्ये सातच्या आसपास, हिस्पॅनिक म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांत साडेपाच-सहा आणि तो वाढत चाललाय, एशियन लोकांत दोन-अडीच, काळ्या लोकांत दोनच्याही खाली. म्हणजे नर्स बरोबर बोलली. पण 'एशियन' हा एक डबा आहे ज्यात चिनी, फिलिपिनो, जपानी, आपले सांगलीचे सगळे एकत्र भरलेत, आणि हिस्पॅनिक हा तर रंगच नाही. रंगाने कॅन्सर ठरत असता तर न्यूझीलंडमधल्या माओरी पुरुषांना तिथल्या गोऱ्यांपेक्षा तो कमी झाला असता, पण त्यांना जास्त होतो. आणि फिनलंडचे लोक काही डॅनिश लोकांपेक्षा सावळे नाहीत, तरी तिथे हा कॅन्सर डेन्मार्कपेक्षा कितीतरी कमी राहिलेला आहे.

मग फरक येतो कुठून? याचं पूर्ण उत्तर अजून लागलेलं नाही, पण दोन धागे पक्के हाती आलेत.

एक धागा वंशाचा, म्हणजे जनुकांचा. २००९ साली केआयटीएलजी नावाच्या जनुकाचा या कॅन्सरशी असलेला संबंध सापडला. गर्भात बीजपेशी (ज्यांच्यापासून पुढे शुक्रजंतू बनतात) जगण्यासाठी, योग्य जागी पोचण्यासाठी हे जनुक लागतं. त्याचं धोका वाढवणारं रूप युरोपीय लोकांत खूप जास्त सापडतं, आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी, आणि गंमत अशी की हेच जनुक त्वचेचा रंग ठरण्यातही भाग घेतं. म्हणून रंगाचा आणि कॅन्सरचा संबंध दिसतो, पण रंगामुळे कॅन्सर होतो असं नाही.

दुसरा धागा मला जास्त विचार करायला लावतो. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये कॅन्सरच्या नोंदी फार जुन्या आहेत, डेन्मार्कच्या तर १९४३ पासून. या देशांत हा कॅन्सर विसाव्या शतकात पिढी दर पिढी वाढत गेला, पण दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास जन्मलेल्या मुलांमध्ये ती वाढ थांबली, डेन्मार्कमध्ये तर त्या मुलांचा धोका त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या दोघांपेक्षाही कमी निघाला. म्हणजे १९४२ साली जन्मलेला मुलगा पुढे १९७० च्या आसपास तिशीत आला तेव्हा त्याचं खाणंपिणं, काम, हवा सगळं इतरांसारखंच होतं, तरी तो इतरांपेक्षा सुरक्षित होता. त्याच्यावर परिणाम झाला तो आईच्या पोटात किंवा अगदी लहानपणी. युद्धात काय बदललं, आईचा आहार, वजन, आणखी काही, यावर अजून वाद आहेत, पण बीज तिथेच पडतं ही गोष्ट कोपनहेगनचे डॉक्टर नील्स स्काकेबेक यांनी सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिली. १९७२ मध्ये त्यांनी दाखवलं की गाठ व्हायच्या कितीतरी आधी गोटीत वेगळ्या दिसणाऱ्या पेशी असतात, आणि त्या गर्भातल्या कोवळ्या बीजपेशींसारख्या असतात हे पुढे लक्षात आलं. त्या गर्भापासून तशाच गप्प पडून राहतात आणि वयात येताना हार्मोन वाढले की जाग्या होतात. पंधराव्या वर्षी आलेख का चढतो ते इथे कळतं.

आता तुमच्या मुलाचं. फिनलंडमधून स्वीडनला मोठेपणी गेलेल्या पुरुषांचा अभ्यास झालाय, त्यांचा धोका मरेपर्यंत फिनलंडचाच राहिला. त्यांच्या तिकडे जन्मलेल्या मुलांचा मात्र स्वीडनच्या जवळ सरकला. तुमचा मुलगा सांगलीत जन्मला, सांगलीत वाढला, तो सांगलीचाच धोका घेऊन टेक्सासला गेलाय, तिथलं पाणी पिऊन हा धोका वाढत नाही.

पण नर्सच्या वाक्यातला एक धोका तुम्ही त्याला नक्की सांगा. अमेरिकेत काळ्या पुरुषांना हा कॅन्सर सगळ्यात कमी होतो, आणि तरी ज्यांना होतो ते पसरलेल्या अवस्थेत जास्त येतात आणि गोऱ्यांपेक्षा कमी वाचतात. यात इन्शुरन्स नसणं, हॉस्पिटल लांब असणं हे तर आहेच, पण 'आपल्यात होत नाही' हे पेशंटलाही वाटतं आणि कधी कधी डॉक्टरलाही. गाठ गोटीपुरती असताना सापडली तर तिथे पाच वर्षांनी शंभरातले नव्व्याण्णव जिवंत असतात, जवळच्या लसीकागाठींपर्यंत गेली असली तरी शहाण्णव, आणि लांब पसरलेली असली तर पाऊणशेच्या आसपास. एवढा बरा होणारा कॅन्सर मोठ्या माणसांत दुसरा शोधून सापडायचा नाही, आणि तो केवळ आपला नाही असं वाटल्यामुळे हातचा जावा हे मला सहन होत नाही. आपल्याकडे मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीसारख्या ग्रामीण भागात १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी चालू आहे, त्यांच्या आकड्यांतही हा कॅन्सर कमीच दिसतो, पण त्या आकड्यातला प्रत्येक जण कुणाच्या तरी घरचा पंचविशीतला मुलगा असतो.

प्रश्न: वय ६८, ठाणे. डावीकडे सूज आहे, वर्षभर. माझ्या वयात हा कॅन्सर होत नाही असं तुमच्याच लेखावरून वाटलं.

काका, तसं वाटलं असेल तर माझ्या लिहिण्यात चूक झाली. अमेरिकेतले आकडे घेतले तर यातले साधारण आठ टक्के पेशंट पंचावन्नच्या पुढचे असतात. शिवाय साठीनंतर गोटीत गाठ आली तर ती बीजपेशींची असण्यापेक्षा लिम्फोमा म्हणजे लसीका पेशींचा कॅन्सर असण्याची शक्यता जास्त, तो वेगळा आजार आहे, त्याची ट्रीटमेंट वेगळी, आणि तो दोन्ही बाजूंना येऊ शकतो. वर्षभराची सूज मऊ असेल, अंधारात मागून टॉर्च लावल्यावर उजेड आरपार दिसत असेल तर हायड्रोसील असण्याची शक्यता खूप आहे, तरी हायड्रोसीलच्या पाण्याआड गाठ लपू शकते म्हणून सोनोग्राफी तुम्हालाही लागेलच. जांघेतला हर्निया खाली उतरला तरी असंच दिसतं, खोकल्यावर सूज वाढते का ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न: बीड जिल्हा. आमचं बाळ दहा महिन्यांचं आहे, एक गोटी खाली उतरलेली नाही. आजी म्हणते पाचव्या वर्षापर्यंत आपोआप उतरते, यांच्या काकांची तशीच उतरली होती. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. एवढ्या लहान बाळाला भूल द्यायची भीती वाटते.

आजींचा अनुभव खोटा नाही. काही मुलांची गोटी खाली असते पण थंडीनं किंवा हात लागला की वर पळते, तिला ओढून आणलं की खाली थांबते, आणि अशी मोठेपणी आपोआप जागेवर बसते. काकांची बहुधा तशी असेल. म्हणून आम्ही तपासताना खोली उबदार ठेवतो, हात चोळून गरम करतो, बाळ आईच्या मांडीवर पाय फाकवून निवांत दूध पीत असताना जांघेतून हळूहळू खाली बोट सरकवत आणतो. आली आणि थांबली तर काही करायचं नसतं. आलीच नाही, किंवा सोडल्यावर लगेच वर गेली, तर ती खरोखर न उतरलेली. अशी गोटी उतरायची असेल तर पहिल्या सहा महिन्यांत उतरते, नंतर उतरण्याची शक्यता फार थोडी. तुमचे डॉक्टर योग्य वेळी बोललेत, सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान हे ऑपरेशन करतात.

कॅन्सरच्या बाबतीत आपल्याला माहीत असलेल्या कारणांत हे सगळ्यात ठळक. गोटी न उतरलेल्या मुलांना पुढे हा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या काही पट असतो. स्वीडनमध्ये असं ऑपरेशन झालेल्या जवळजवळ सतरा हजार जणांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला, तेराव्या वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या दुपटीहून थोडा जास्त होता, तेरानंतर झालेल्यांचा पाचपटीहून जास्त. म्हणजे ऑपरेशननं धोका शून्य होत नाही, पण उशिरानं तो खूप वाढतो. शिवाय गोटी खाली आली की पुढे हाताला लागते, तपासता येते, आणि मुलं होण्याची क्षमताही लवकर ऑपरेशनमध्ये जास्त टिकते.

भुलीची भीती मला कळते. लहान मुलांचे सर्जन आणि लहान मुलांना नेहमी भूल देणारे डॉक्टर जिथे आहेत तिथे करा, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मेडिकल कॉलेजला. बहुतेक बाळं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. आणि कागद जपून ठेवा, मुलगा पंधरा-सोळाचा झाला की त्याला हे ऑपरेशन झालं होतं आणि का झालं होतं ते स्पष्ट सांगा. माझ्याकडे तिशीतले पेशंट येतात, जांघेत जुना व्रण असतो आणि हा कसला विचारलं तर म्हणतात लहानपणी काहीतरी झालं होतं, आईला माहितीये.

प्रश्न: सायकल, खिशातला मोबाईल, घट्ट अंडरवेअर, क्रिकेटचा बॉल लागणं, नसबंदी, यातल्या कशानं होतो? (हा प्रश्न अकरा जणांनी विचारलाय.)

यातल्या कशानंही होतो असा भरवशाचा पुरावा नाही. बॉल लागल्यावर माणूस पहिल्यांदा नीट हात लावून बघतो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते, म्हणून मार लागल्यानं झाला असं वाटतं. सायकलचं नाव आलं ते लान्स आर्मस्ट्राँगमुळे, त्याला १९९६ साली पंचविसाव्या वर्षी निदान झालं तेव्हा फुफ्फुसात आणि मेंदूतही पसरला होता, पण कारण सायकल नव्हती.

प्रश्न: वय २५, कोल्हापूर. लग्नाला चौदा महिने झाले. मिस्टरांची एक गोटी काढली, आता केमो सांगितलीय. सासूबाई रडतात की वंश बुडाला. मला कुणी काही सांगत नाही, सगळं पुरुष मंडळीच डॉक्टरांशी बोलतात.

तुम्हीच बोला, तुम्हाला हक्क आहे. आणि आज एकच गोष्ट विचारा, केमो सुरू व्हायच्या आधी वीर्य गोठवून ठेवायचंय, कुठे करायचं. पुण्या-मुंबईत आणि बऱ्याच मोठ्या शहरांच्या आयव्हीएफ सेंटरमध्ये ही सोय असते. दोन-तीन दिवसांचं काम आहे, तेवढ्यानं केमोला सहसा धक्का बसत नाही. केमोनंतर बऱ्याच जणांचे शुक्रजंतू एक-दोन वर्षांत परत येतात, पण सगळ्यांचे येत नाहीत, म्हणून ही तरतूद आधी हवी. माझं दुःख असं की ही गोष्ट पेशंटला केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर कळते.

एक गोटी उरली आणि ती चांगली असली तर पुरुषी हार्मोन तीच पुरवते, संबंध होतात, दाढी-आवाज सगळं तसंच राहतं, मुलंही होतात. वाटलं तर सिलिकॉनची गोटी बसवता येते, ती केवळ दिसण्यासाठी.

केमोबद्दल एक इतिहास सांगतो, सासूबाईंनाही वाचून दाखवा. १९७४ पर्यंत पसरलेला हा कॅन्सर म्हणजे विशीतल्या मुलांचा मृत्यूच होता, दहातला एखादा वाचायचा. त्या वर्षी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न नावाच्या तरुण डॉक्टरनं सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमपासून बनलेलं औषध आणखी दोन औषधांबरोबर जॉन क्लेलँड या विद्यार्थ्याला दिलं, बाकी सगळे उपाय हरल्यावर, आणि फुफ्फुसातल्या गाठी विरघळल्या. तो बरा झाला, पुढे त्याला मुलंही झाली. सिस्प्लॅटिन आजही या केमोचा कणा आहे, कदाचित तुमच्या मिस्टरांनाही तेच लावतील. आपल्या युवराज सिंगला २०११ चा वर्ल्डकप झाल्यावर जी गाठ निघाली ती छातीत होती, गोटीत नव्हती, पण होती सेमिनोमाच, कारण गर्भात बीजपेशी शरीराच्या मधल्या रेषेनं प्रवास करतात आणि एखादी वाटेतच छातीत राहून जाते. त्याची ट्रीटमेंट २०१२ मध्ये त्याच आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली झाली आणि त्याच वर्षी तो परत भारताकडून खेळला. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये आणि आता राज्यातल्या बऱ्याच कॅन्सर सेंटरमध्ये हीच औषधं देतात, त्यासाठी परदेशी जायची गरज नाही.

त्रास होतो, खोटं सांगत नाही. उलट्या, केस जाणं, कानात शिट्टीसारखा आवाज, बोटांना मुंग्या. कानाचं आणि किडनीचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आणि सलाईनच्या दिवशी भरपूर पाणी प्यायला लावा.

प्रश्न: वय २१, परभणी. मोठ्या भावाला मागच्या वर्षी झाला, आता तो बरा आहे. मला पण होईल का? दर महिन्याला तपासायचं का?

भावाला झाला असेल तर धोका आठ ते दहा पट, वडिलांना असेल तर चार पटीच्या आसपास. ऐकायला भयंकर वाटतं, पण मुळात आपल्याकडे प्रमाण एवढं कमी आहे की दहा पट करूनही बहुतेक भावांना तो होतच नाही. म्हणून घाबरून रोज चाचपत बसू नका.

महिन्याच्या तपासणीवर डॉक्टरांत मतभेद आहेत. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये सांगितलं की काहीच त्रास नसलेल्या सगळ्या पुरुषांना असं तपासत बसू नये, कॅन्सर दुर्मिळ आहे, लक्षणं दिसल्यावर आलेलेही बरे होतात, आणि उगाच शंकांनी तपासण्या वाढतात. सगळ्यांसाठी मला हे पटतं. पण ज्याच्या भावाला झालाय, ज्याची गोटी उशिरा उतरवली, किंवा ज्याची एक काढलीये आणि दुसरी शिल्लक आहे (दुसऱ्या बाजूला होण्याची शक्यता साधारण दोन टक्के), त्यानं आपली गोटी नेहमी कशी लागते हे ओळखून ठेवावं असं माझं मत आहे.

गरम पाण्याच्या आंघोळीनंतर कातडी सैल असते तेव्हा उभं राहून, एक-एक गोटी अंगठा आणि दोन बोटांत धरून हळू फिरवायची. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत आणि जरा लवचीक लागते. मागच्या बाजूला वरून खाली मऊ गुंतवळ लागते, ती असायचीच, तिथून शुक्रजंतू पुढे जातात, पहिल्यांदा तपासणारी निम्मी मुलं तिलाच गाठ समजून घाबरतात. एक गोटी थोडी मोठी किंवा खाली असणं नेहमीचं आहे. लक्ष द्यायचं ते गोटीच्या अंगावरच खडा रुतल्यासारखं काही लागलं, किंवा मागच्या महिन्यापेक्षा एक जड, मोठी, टणक वाटली तर. छातीवर एका बाजूला किंवा दोन्हीकडे दुखरी सूज आली तरी दाखवा, एचसीजी वाढल्यानं कधी कधी तसं होतं.

भाऊ फॉलोअपला जातच असेल. पुढच्या तारखेला त्याच्यासोबत जा, त्याच डॉक्टरांना सांगा की मी याचा सख्खा भाऊ, आणि एकदा त्यांच्याकडूनच तपासून घ्या, म्हणजे नेहमीचं काय आणि वेगळं काय हे ते तुमचाच हात धरून दाखवतील.